एफ फॉर्म आणि सोनोग्राफीचे डॉक्टर

गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करायची तर तिच्या नावाचा एफ फॉर्म भरावा लागतो. नाव, वय, पत्ता, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, आधीची मुले-मुली किती, शेवटची पाळी कधी आली, कोणी पाठवले आणि तपासणी कशासाठी, एवढे सगळे त्यात येते. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे ती स्त्री लिहून देते. ते पाहिले नाही आणि कोणाला सांगितलेही नाही, असे डॉक्टर लिहून देतात.

या कागदामागचे कारण गंभीर आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली कायदा केला, तेव्हा देशात असा कायदा दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे राज्यातल्या मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७ च. हा गुन्हा बंद खोलीत, दोन्ही बाजूंच्या संमतीने होतो. तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. मागे उरतो तो कागद, म्हणून कायद्याने सगळी भिस्त कागदावर ठेवली.

डॉक्टरांची खंत इथूनच सुरू होते. नोंदीत उणीव किंवा चूक आढळली, तर उलट सिद्ध होईपर्यंत कायद्याचा भंग झाला असेच कलम ४ धरते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. तालुक्याच्या गावी हा फॉर्म कसा भरला जातो, ते पाहण्यासारखे आहे. बाई आठ महिन्यांची. आधार कार्डावर माहेरचे नाव, चिठ्ठीवर सासरचे. पाळीची तारीख विचारली, तर ‘पोळ्याच्या आधी दोन दिवस’ असे सांगते. ती तारीख कॅलेंडरवर शोधायची, अंगठा घ्यायचा, तो साक्षांकित करायचा. बाहेर बाकावर आणखी पंधरा जणी बसलेल्या असतात. मशीनला सील लागले, तर या सगळ्यांना एसटीने जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते.

अशा चुकांना गुन्हा मानू नये, या मागणीसाठी १ सप्टेंबर २०१६ पासून देशभरातल्या रेडिओलॉजिस्टांनी बंद पुकारला. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने तरतुदी कायम ठेवल्या. नोंद नीट न ठेवणे ही निव्वळ कारकुनी चूक ठरत नाही, असा निकाल दिला. तपासणीचे कारणच कोरे सोडले असेल, तर न्यायालयाचे म्हणणे पटण्यासारखेच आहे, कारण त्या रकान्यामागे बरेच काही लपवता येते. पत्त्यातला घर क्रमांक राहून जाणे मात्र वेगळे. दोन्हींना एकच कलम लावणे प्रामाणिक डॉक्टरवर अन्याय करणारे आहे, आणि त्यातून एकही मुलगी वाचत नाही. खरा गुन्हेगार फॉर्म बिनचूक भरतो, नाहीतर भरतच नाही.

मागच्या महिन्याचा अहवाल ५ तारखेपर्यंत पाठवायचा असतो आणि नोंदी दोन वर्षे जपायच्या असतात. खटला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत. त्यामुळे ४ तारखेच्या रात्री, ओपीडी आटोपल्यावर, अनेक डॉक्टर रजिस्टर उघडून एकेक फॉर्म पुन्हा ताडून पाहतात.