बरगड्या हलू द्या

बसल्या जागी एक करून पाहा. उजवा तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवा आणि डावा तळहात बाजूने, खालच्या बरगड्यांवर. आता सावकाश मोठा श्वास घ्या. उजवा हात पुढे आणि वर उचलला जाईल, डावा बाहेरच्या बाजूला सरकेल. या दोन हालचाली जितक्या मोकळ्या, तितका श्वास मोकळा. आज बोलायचं आहे ते याच हालचालींविषयी.

आपल्याला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने थेट छातीच्या हाडाला मिळतात, पुढच्या ३ वरच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच राहतात. मागे मात्र प्रत्येक बरगडी मणक्याशी सांध्याने जोडलेली असते आणि श्वासागणिक हे सांधे हलतात. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या वर-खाली होतात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूने उचलल्या जातात. वैद्यकाच्या पुस्तकांतही या हालचालींना याच वस्तूंची नावं आहेत. त्याच वेळी छाती आणि पोट यांच्या मधलं श्वासपटल खाली उतरतं. छातीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. छाती उघडेल तेवढंच ते फुलतं. मिनिटाला १२ ते २० श्वास धरले, तर दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास वेळा हे काम चालतं.

इतकी राबणारी ही हाडं डॉक्टरांनी हाताने तपासलीच पाहिजेत, हा आग्रह ऑस्टिओपॅथी या उपचारपद्धतीने धरला. अमेरिकेतले डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल हे तिचे जनक. १८६४ साली मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजाराने त्यांच्या घरातली तीन मुलं गेली. स्वतः डॉक्टर असून त्यांना काही करता आलं नाही. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि १८७४ साली त्यांनी आपला वेगळा विचार मांडला. १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी त्यांनी या पद्धतीची शाळा काढली. स्टिल यांची सगळी मतं काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. आज अमेरिकेत नावापुढे डी. ओ. लावणारे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर औषधंही देतात आणि शस्त्रक्रियाही करतात. त्यांचे अधिकार एम. डी. डॉक्टरांइतकेच असतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांना असे डॉक्टर भेटले, तर काळजी करू नका.

खोकल्याची उबळ आली, जड पिशवी वेडीवाकडी उचलली, की कधी कधी पाठीत किंवा कुशीत चमक निघते. आपण म्हणतो, उसण भरली. मोठा श्वास घेतला की नेमक्या एका जागी टोचतं. ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर अशा वेळी रुग्णाला उताणं निजवून दोन्हीकडच्या जोडीच्या बरगड्यांवर बोटं टेकवतात आणि श्वास घ्यायला, सोडायला सांगतात. एखादी बरगडी श्वास घेताना मागे राहते. ती खालीच अडकलेली असते. एखादी सोडताना उतरत नाही. ती वरच थांबलेली असते. पहिली बरगडी खाली अडकली असेल, तर रुग्णाला डोकं उचलायचा प्रयत्न करायला सांगतात आणि कपाळावर हात ठेवून तेवढाच विरोध करतात. मानेच्या बाजूचे स्नायू त्या बरगडीला जोडलेले असल्याने तेच तिला वर ओढतात. चार-पाच सेकंद जोर, मग विसावा, आणि पुन्हा तेच. आपल्याकडे हाताने करायचे असे उपचार बहुधा फिजिओथेरपिस्ट करतात.

या उपचारांची मर्यादाही सांगायला हवी. न्यूमोनिया झालेल्या, पन्नाशी गाठलेल्या रुग्णांवरचा एक मोठा अमेरिकन अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला असे उपचार दिले गेले होते. सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब केला तेव्हा ठळक फरक दिसला नाही. तेव्हा न्यूमोनियात प्रतिजैविकांना पर्याय म्हणून कुणी बरगड्या चोळून देत असेल, तर ठाम नकार द्या. छातीतली प्रत्येक कळ बरगडीची नसते, हेही ध्यानात ठेवा. छातीवर दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी वेदना, अचानक लागलेली धाप, यांपैकी काहीही असेल तर तडक रुग्णालय गाठा. नागिणीतही पुरळ उठण्याआधी बरगडीच्या रेषेत आग होते.

शेवटचं सांगणं घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. न्हाणीघरात पाय घसरून बरगडी मोडते. पूर्वी अशी छाती पट्ट्यांनी आवळून बांधत. आता तसं करत नाहीत, कारण बांधलेली छाती उघडत नाही, श्वास वरवरचा होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. दुखतं म्हणून आजी जपून श्वास घेतात, आणि घरचेही म्हणतात, पडून राहा. त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर द्या. खोकताना दुखऱ्या जागेशी उशी धरायला सांगा. जागेपणी दर तासाला शेजारी बसून काही मोठे श्वास घ्यायला लावा. मोडलेलं हाड आठवड्यांनी जुळेल. तोवर फुप्फुस उघडं ठेवणं आपल्या हातात आहे.