फुकटच्या पडद्याचा गल्ला

(सटाणा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



सटाण्यात व्हिडिओ करणाऱ्यांशी बोलायचं, तर शेजारच्या मालेगावचं नाव आधी घ्यावं लागतं. २००० साली नासिर शेख यांनी तिथे ‘मालेगाव के शोले’ केला. कलाकार गावचे, आणि सिनेमा चालला गावातल्याच व्हिडिओ पार्लरमध्ये, तिकीट लावून. कोण आलं, कोण हसलं, गल्ला किती जमला, सगळं डोळ्यांसमोर.

आज यूट्यूबवर जागा फुकट आहे, पण गल्ल्यावर तुम्ही नसता. मोठे व्हिडिओ करणाऱ्याला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास भरल्याशिवाय जाहिरातीतला वाटा मिळत नाही. म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ ४८,००० वेळा पूर्ण पाहिला गेला पाहिजे! तोवर जाहिरात लागत नाही असं समजू नका. तुम्ही पात्र नसलात तरी जाहिरात लावू, पैसे देणार नाही, हे २०२१पासून भारतातही अटींमध्येच आहे. पात्र ठरल्यावर शंभरातले ४५ रुपये कंपनीचे. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. एवढी यंत्रं चालवायला खर्च येतोच.

मला खटकतं ते दुसरं. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. निर्णय बरोबर की चूक, तो वाद आज नको. पण आपल्या खानदेशात अहिराणीतून हसवणाऱ्या पोरापोरींचे चाहते एका रात्रीत गेले. चाहते लाखांत, आणि हाताशी त्यांतल्या कितीजणांचा फोन नंबर?

आणखी एक किंमत कुठल्याच अटीत लिहिलेली नसते. समजा, एखादी मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा ते सांगते. दोनशे जण बघतात. तीच कुणाशी तरी भांडली की वीस हजार. मग पुढचा विषय तिने ठरवला, की त्या आकड्याने? मुसलमानांच्या नावाने ओरडणारे आधीच कमी आहेत का, की त्यात आपल्याच घरातून भर पडावी? मला तरी ते दोनशे जण जास्त मोलाचे वाटतात. त्यांतले वीस जण सटाण्यातले असतील, तर त्यांना एखाद्या रविवारी इथेच बोलावता येईल.

मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवा, नंबरांची वही करा. गुगल टेकआउटमधून आपले जुने व्हिडिओ कसे उतरवायचे, हे ज्यांना बघायचंय त्यांनी चहानंतर थांबा. फोन चार्ज करून ठेवा.