परदेशी वास्तव्य : निर्णयापूर्वीचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



आज समाजातील अनेक घरांत एक प्रश्न दारात येऊन उभा आहे. मुलगा वा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाते, तेथेच नोकरी मिळते, आणि काही वर्षांनी रविवारच्या फोनवर विचारणा होते, "बाबा, इथेच स्थायिक व्हावे का?" वडील पगाराचा आकडा विचारतात, आई निरुत्तर होते. अशा प्रसंगी इंग्लंडमधील लेस्टर शहराचा इतिहास उद्बोधक ठरतो.

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या पेढ्या, घरे व बागायती मागे राहिल्या. त्यांपैकी सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या नगर परिषदेने 'युगांडा आर्गस' या वृत्तपत्रात जाहिरात दिली. शहरातील घरे, शाळा व आरोग्यसेवा यांवर आधीच ताण आहे. तेव्हा स्वतःच्या हितासाठी कृपया लेस्टरला येऊ नये, असा तिचा आशय होता.

ज्या शहराने दार लावून घेतले, त्याच शहरात हजारो कुटुंबे गेली. यामागे हट्ट नव्हता, व्यवहारज्ञान होते. १९६० च्या दशकात केनियातून आलेले आप्तस्वकीय तेथे होते. बेलग्रेव्हसारख्या भागात जुनी, एकमेकांस लागून असलेली घरे परवडणारी होती. होजिअरी व पादत्राणांच्या कारखान्यांत पती-पत्नी दोघांनाही काम मिळण्याची शक्यता होती. जाहिरातीने शहराची अडचण सांगितली; नातेवाइकांच्या पत्रांनी तेथील जीवन सांगितले. कुटुंबांनी दुसऱ्या साक्षीवर विश्वास ठेवला.

पुढील वाट सोपी नव्हती. काल पेढीवर बसणारे आज यंत्रावर उभे राहिले. १९७४ मध्ये इम्पीरियल टाइपरायटर्स या कारखान्यातील आशियाई कामगारांना समान वागणुकीसाठी संप करावा लागला, आणि पुढच्याच वर्षी तो कारखाना बंद पडला. तथापि ही माणसे खचली नाहीत. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची व मिठाईची दुकाने उभी राहिली. आज तो रस्ता 'गोल्डन माइल' म्हणून ओळखला जातो. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ मध्ये जैन मंदिर साकारले. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी यांना तेथे एकाच छताखाली स्थान आहे. जे ऐक्य मायदेशी पुष्कळदा दुर्लभ होते, ते परक्या भूमीवरील गरजेने शिकविले!

मात्र त्या काळच्या कुटुंबांत आणि आजच्या तरुणांत एक मोठे अंतर आहे. त्यांच्यामागचे दार बंद झाले होते. आजच्या तरुणाच्या मागे घर उघडे आहे. त्याचा निर्णय मुक्त आहे, म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक आहे.

जाणता व्यापारी ताक्याची वरची घडी पाहून माल घेत नाही. ताका उलगडून, उजेडात धरून पाहतो. परदेशातील शहराचेही तसेच आहे. पगार ही वरची घडी होय. घरभाडे, कर, मुलांचे संगोपन व आजारपण हे आतले कापड. नोकरी गेल्यास तेथे राहण्याचा परवाना किती दिवस टिकेल, हेही पाहावे. एक हिवाळा काढल्याशिवाय घर विकत घेण्याची घाई करू नये. पत्नीच्या शिक्षणाला तेथे वाव आहे काय, हा प्रश्न तिलाच विचारावा.

नागरिकत्वाचा विचार तर विशेष काळजीने करावा. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर 'ओसीआय' कार्ड घेता येते. परंतु त्यावर मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतीवाडी असणाऱ्या घरांनी हे सही करण्यापूर्वीच जाणून घ्यावे.

राहता राहिले आईवडील. "दरवर्षी येऊ" हे आश्वासन प्रेमाचे असते, पण मध्यरात्री छातीत दुखू लागले तर दवाखान्यात कोण नेईल, याचे उत्तर त्यात नसते. ते उत्तर नावानिशी ठरलेले असावे. वडिलांनीही मौन धरून मुलांवर अपराधाचे ओझे टाकू नये. जाऊ द्यायचे असेल तर प्रसन्न मनाने, आणि अडचण असेल तर ती स्पष्ट शब्दांत सांगावी.

लेस्टरला गेलेल्या कुटुंबांनी पैशाआधी माणसे पाहिली. सुखदुःखात हाक मारता येईल असे एक तरी घर जेथे आहे आणि ज्या गावासाठी आपणही काही करू इच्छितो, तेथे बिऱ्हाड टिकते. प्रत्येक कुटुंबाने हा हिशेब एकत्र बसून मांडावा. मग उत्तर जाण्याचे येवो वा परतण्याचे, त्यात पश्चात्ताप उरणार नाही.

जय जिनेंद्र!