टायर केव्हां बदलावा?



मोटारीच्या इंजिनाची निगा कशी राखावी, तेल केव्हां बदलावें, रंग कसा टिकवावा, याविषयीं मोटार बाळगणारा मनुष्य तासतासभर बोलूं शकतो. परंतु ज्या चार टायरांवर ती सारी गाडी उभी असते, ते किती झिजले आहेत असें विचारलें, तर "अजून चालतील" यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाहीं. या "अजून चालतील"चाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धांव असते. ती सैल झाली म्हणजे वाटेनें खडखडूं लागते आणि गाडीवान चाक लोहाराकडे नेतो. रबराच्या टायरला अशी वाचा नाहीं. तो निमूटपणें झिजतो. म्हणून त्याच्याकडे आपण होऊन पाहावें लागतें.

मोटार केवढीहि मोठी असो, तिच्या प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग एका वेळीं जमिनीला टेकलेला असतो. वेग घेणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांएवढ्या रबराच्या पकडीवर होतात. ब्रेक चाकाला आवरतो; गाडीला आवरतो तो टायरच. टायरनें रस्ता धरला नाहीं, तर ब्रेक कितीहि दाबला तरी गाडी घसरत पुढें जाते.

टायरच्या पाठीवरील खांचा शोभेसाठीं नसतात. कोरड्या रस्त्यावर त्यांचें फारसें काम नाहीं. शर्यतीच्या मोटारींना तर कोरड्या दिवशीं अगदीं गुळगुळीत टायर लावतात. खांचांचें खरें काम पावसांत. रस्त्यावरील पाणी टायरखालून बाहेर काढावयाचें आणि रबर रस्त्याला भिडूं द्यावयाचें, हें तें काम होय. खांचा उथळ झाल्या कीं पाण्याला वाट उरत नाहीं. वेगांत असतां टायर पाण्याच्या पातळ थरावर चढतो आणि रस्त्यापासून सुटतो. मग स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाहीं आणि ब्रेक दाबून थांबत नाहीं.

झिजलेल्या टायरची फसवणूक ती हीच. कार्तिकापासून वैशाखापर्यंत तो बिनतक्रार चालतो आणि मालकाचा त्यावर विश्वास बसतो. पुढें मृगाची पहिली सर येते. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेली धूळ आणि तेल भिजून निसरडा थर तयार होतो. आणि ज्या घडीला टायरची खरी गरज लागते, त्याच घडीला तो दगा देतो. पाऊस सुरू झाल्यावर कोणी घर शाकारावयास घेत नाहीं. टायरांचा हिशेबहि रोहिणी नक्षत्र चालूं असतांनाच पुरा करावा.

आतां माप कोणतें तें पाहूं. मोटारीच्या नव्या टायरच्या खांचा सुमारें ८ मिलिमीटर खोल असतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ही खोली १.६ मिलिमीटरच्या खालीं जातां कामा नये. ही मर्यादा ओळखण्याची सोय टायरमध्येंच केलेली असते. खांचांच्या तळाशीं ठराविक अंतरावर रबराचे लहान आडवे उंचवटे असतात आणि त्यांची जागा टायरच्या बगलेवर लहानशा त्रिकोणानें किंवा टी. डब्ल्यू. आय. या अक्षरांनीं दाखविलेली असते. झिजून झिजून पाठीचें रबर या उंचवट्यांशीं सपाट झालें, कीं टायरचें आयुष्य संपलें. तथापि ही कायद्याची शेवटची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे. ओल्या रस्त्यावरील पकड त्याच्या पुष्कळ आधींपासून उतरूं लागते. ज्याला पावसाळ्यांत घाट चढावयाचे आहेत किंवा कोंकणांत जावयाचें आहे, त्यानें खोली ३ मिलिमीटरवर येतांच नव्या टायरांची तजवीज करावी.

माप घेतांना एकाच जागीं पाहून भागत नाहीं. मध्यभागीं आणि दोन्ही कडांना, अशा तीन ठिकाणीं पाहावें. मध्यच अधिक झिजला असेल, तर हवा प्रमाणाबाहेर भरली जात आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी पडत आहे. एकच कड झिजली असेल, तर चाकांची ठेवण बिघडली आहे. ती सुधारल्याविना नवा टायर घालणें म्हणजे पैसे रस्त्यावर घांसून टाकणें होय.

कमी हवेचा धोका केवळ झिजेपुरता नाहीं. हवा कमी असली म्हणजे टायरच्या बगला प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकतात आणि त्यामुळें तो आंतून तापतो. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पुरा खुला झाला. त्याच्या ७०१ किलोमीटर लांबीवर भर उन्हाळ्यांत तासन्‌तास एकाच वेगानें जाणाऱ्या गाडीचा असा टायर फुटला, तर सांवरावयास अवधि मिळत नाहीं. म्हणून हवा सकाळीं, टायर थंड असतांना तपासावी. तिचें प्रमाण बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेलें असतें.

झीज हें एक कारण झालें. वय हें दुसरें. गाडी उभी राहिली तरी ऊन, उष्णता आणि हवा यांनीं रबर कडक होतें आणि त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बगलेवर चार अंक असतात. ते २३१९ असे असले, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. पांच वर्षांनंतर टायर दरवर्षीं जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षें होतांच, खांचा कितीहि खोल असल्या तरी, काढून टाकावा, असा टायर करणाऱ्या मोठ्या कारखान्यांचा सल्ला आहे. कित्येक मोटार-कारखाने तर सहा वर्षांचीच मर्यादा घालतात. आपण जिला स्टेपनी म्हणतों त्या जादा चाकालाहि हाच नियम लागू आहे. बगलेला फुगवटा आला असेल किंवा आंतले धागे दिसूं लागले असतील, तर मात्र मापाची किंवा वयाची वाट पाहूंच नये. तो टायर त्याच दिवशीं उतरवावा.

चारी टायर एकदम घेणें न परवडल्यास दोन घ्यावे आणि ते मागच्या चाकांना लावावे. पुढचीं चाकें घसरूं लागलीं तर गाडी सरळ जाऊं पाहते आणि वेग कमी करून ती पुष्कळदां हातीं येते. मागचीं घसरलीं तर गाडी स्वतःभोंवतींच फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाहीं.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावें. गुळगुळीत झालेल्या टायरवर धारदार हत्यारानें नव्या खांचा कोरून तो स्वस्तांत विकण्याचा प्रकार जुन्या मालाच्या बाजारांत चालतो. मोटारीच्या अशा टायरमध्यें उरलेलें थोडें रबरहि कापलें गेलेलें असतें. ती नक्षी नव्हे, जखम होय.

काटकसर हा आपल्या लोकांचा चांगला गुण आहे आणि टायर बदलण्यानें त्याला बाध येत नाहीं. साखर कारखान्यांच्या मुलखांत ऊस वाहणारी टायरगाडी आपण पाहिलीच असेल. मोटारींतून उतरलेला टायर बैलांच्या चालीनें आणखी कांहीं हंगाम काढतो. फाटल्यावर त्याच्या वहाणा होतात. बैलाच्या वेगाला जो टायर पुरतो, तो ताशी ऐशीं किलोमीटरच्या वेगाला पुरेलच असें नाहीं, एवढेंच समजावयाचें.

मोटारींतला मनुष्य निदान आपल्या जबाबदारीवर बसलेला असतो. रस्त्याच्या कडेनें छत्री घेऊन चाललेल्या शाळकरी मुलाला आपल्या टायरविषयीं कोणी विचारलेलें नसतें. तेव्हां "अजून चालतील" असें तोंडावर येण्यापूर्वीं, या वैशाखांत एकदां खालीं वांकून खांचांत बोट घालून पाहावें, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.