विजयाच्या चित्रात कोण नसतो?



आमचे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. हा मनुष्य युरोपातल्या राजवाड्यांवर काय बोलणार, असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण राजवाडे बांधणाऱ्यांच्या जातकुळीचे आम्ही. आम्हालाही दोन प्रश्न विचारता येतात.

सतराव्या शतकात युरोपात बरोक नावाची भपकेबाज कलाशैली बहरली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्सायच्या वाड्यात 'युद्धाचे दालन' आहे. तिथे भिंतीवर क्वाझवो या शिल्पकाराने लुईला रोमन योद्ध्याच्या वेषात घोड्यावर बसवले आहे. टापांखाली शत्रू, खाली साखळदंडांतले बंदी, आणि इतिहासाची देवता राजाचा पराक्रम लिहून घेते आहे. जणू लढाई एकट्या राजानेच जिंकली! तोफा ओढणारे, कर भरणारे त्यात कुठेच नाहीत. हे शिल्प गिलाव्याचे आहे. १६८९ साली पुढच्या लढाईच्या खर्चासाठी याच राजाला वाड्यातले चांदीचे सामान वितळवावे लागले. चांदी गेली, गिलावा राहिला.

फार लांब कशाला? याच गोदाकाठी नारोशंकराची घंटा आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. तिचा आम्हालाही अभिमान आहे. मात्र देवळाला सरदाराचे नाव लागले. घाट चढवून ती घंटा इथवर आणणाऱ्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत?

आता आमचेच सांगतो. एका संपात आम्ही मोठा फलक रंगवून घेतला. पहाडासारखा कामगार, त्याच्या पायाखाली मालक. टाळ्या पडल्या. शेवटी तडजोड झाली. निम्म्याच मागण्या पदरात पडल्या. त्या दिवशी एक म्हातारा फिटर फलकाकडे बघून म्हणाला, "भाऊ, यात आम्ही कुठं हाय? बायकोनं डोरलं गहाण टाकलं, ते कुठं हाय?"

आम्ही निरुत्तर झालो. घोडा लुईचाच होता. आम्ही फक्त स्वार बदलला होता.

मग युनियनच्या वहीत गहाण पडलेल्या डागांची नावानिशी यादी केली. वर्गणी काढून एकेक सोडवला. शेवटचा डाग घरी गेला, त्या दिवशी संप जिंकला असे आम्ही मानले.

विजयाचे चित्र पाहाल तेव्हा घोड्यावर कोण आहे हे मागाहून पाहा. आधी त्याचा खर्च कुणी सोसला ते विचारा.