कात्रीखालची शिल्पे

2013 सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील मॉन्ट्रियल येथील वनस्पतिउद्यानात सजीव वनस्पतींच्या शिल्पांचे जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते, ते सावकाश हिंडून पाहण्याचा योग मला आला. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये झुडपे कातरून केलेले प्राणी आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले असतील. तेथे झुडूप आधी आणि आकार मागाहून. मॉन्ट्रियलची रीत नेमकी उलट. प्रथम पोलादी सांगाडा उभा करावयाचा, त्यावर जाळी व कापड ताणून पोटात माती भरावयाची, मातीतून पाण्याच्या नळ्या खेळवावयाच्या, आणि मग कापडाला भोके पाडून एकेक रोप हाताने खोवावयाचे, असा हा खटाटोप असतो. ज्यां जिओनो या फ्रेंच लेखकाच्या कथेतील, उजाड डोंगरावर एकट्याने ओकचे अरण्य उभे करणारा मेंढपाळ तेथे आपल्या मेंढरांसह अवतरला होता. याच कथेवर ऑस्कर मिळविणारा चित्रपट काढणारे फ्रेदेरिक बाक हे मॉन्ट्रियलचेच रहिवासी होते, म्हणून तेथील लोकांना या मेंढपाळाचे विशेष अगत्य असावे.

परंतु माझे पाय खिळले ते भूमातेच्या प्रचंड मूर्तीपाशी. तिच्या पसरलेल्या तळहातावरून पाण्याची धार कोसळत होती आणि केशसंभार फुलांचा होता. दुरून जी कांती एकसंध भासे, ती जवळ गेल्यावर नखाएवढ्या असंख्य पानांची निघाली. आणि शिडीवर चढलेली एक माळीण लहानशा कात्रीने तिच्या पापणीची कड सारखी करीत होती. दगडाच्या मूर्तीवर शेवटचा घाव पडला, की शिल्पकार मोकळा होतो. येथे मात्र रोपे लावून झाली, की खरी चाकरी सुरू होते, कारण पाने वाढतच राहतात आणि आठवडाभर दुर्लक्ष झाले, तर देवीच्या गालावर दाढी फुटावयाची! काही मांडण्या नयनरंजनाच्या हद्दीपलीकडे गेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण त्यांचीही निगा तितक्याच निष्ठेने चालली होती. एवढे करून या शिल्पांचे आयुष्य एका ऋतूचे, कारण यांतील अनेक कोवळ्या रोपांना तेथील हिमतुषार सोसत नाही. सप्टेंबरअखेर प्रदर्शनाची मुदत संपली.

आपल्या नगरपालिकांच्या उद्यानखात्यांना असा एखादा हिरवा मोर चौकात उभारण्याची हौस वाटली, तर त्यांनी अवश्य उभारावा. मात्र पोटात पाण्याची नळी आणि बाहेर कायम नेमणुकीचा माळी, या दोन बाबींची तजवीज उद्घाटनाच्या आधी करावी. तेवढी ऐपत नसेल, तर मोर दगडाचाच बसवावा. तो निदान वाळणार तरी नाही.