चादर, बल्ब आणि पतंगांची हजेरी

गेल्या शनिवारी आमच्या नंदनवनच्या घरामागे, बागेत दोरीवर पांढरी चादर टांगली, समोर बल्ब लावला आणि खुर्ची टाकून बसलो. आई म्हणाली, "माझी चांगली चादर कायले टांगली रे?" म्हटलं, "पाहुणे येणार आहेत!"

पाहुणे म्हणजे पतंग. संक्रांतीचे नाही हं, रात्री दिव्यावर येतात ते.

सप्टेंबर संपतोय, पाऊस ओसरतोय, झाडं हिरवीगार आहेत. दोन तासांत १७ प्रकार आले, नावं सांगता आली फक्त तीन. त्यातला एक हिरवा-गुलाबी, विमानासारखा. त्याची अळी आमच्या कण्हेरीवरच वाढते. अंगावर दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके असतात. आता कण्हेरीवर फवारा मारायची माझी हिंमत नाही.

पतंग दिव्याभोवती का फिरतात? उडताना ते पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री उजळ बाजू म्हणजे आभाळ, हा त्यांचा हिशेब. बल्ब तो हिशेब बिघडवतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवलं. म्हणून दोन तासांनी लाइट बंद. नाहीतर ते थकतात आणि पालीची पार्टी होते.

नोंद कशी करायची? फोटो, तारीख, वेळ, जागा. मग आयनॅचरलिस्टवर टाका, ओळखायला लोक मदत करतात.

"याचा उपयोग काय?" असं मित्राने विचारलं. राजेहो, आपण कापसाच्या मुलखात राहतो! गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत लपते, दिसेपर्यंत उशीर होतो. म्हणून शेतकरी कामगंध सापळ्यात तिचे नर पतंग मोजतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त सापडले, की उपाय करायची वेळ आली. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातला कापूस पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. भीतीपोटी फवारायचं की मोजून ठरवायचं, हा फरक जिवावरचा आहे.

माझी चादर काही शेत वाचवणार नाही. पण मोजायची सवय इथूनच लागते.

या अमावास्येला तुम्हीही एक चादर टांगा. जुनी घ्या, आईला विचारून! भेटू पुढच्या भागात.